थकलेल्या फीसाठी तीन खिडक्या: उद्यम, समाधान आणि ट्रेड्स सल्लागार फर्मच्या किती कामाच्या?

मंदीची पहिली झळ सल्लागार फर्मला कामात लागत नाही, वसुलीत लागते. प्रकल्प चालू असतो, बैठका होत असतात, ड्रॉइंगची चौथी रिव्हिजन मागितली जात असते. फक्त ४५ दिवसांत येणारं बिल ९० दिवसांवर जातं आणि विचारलं की ‘वरून फंड रिलीज झाला नाही’ हे ठरलेलं उत्तर मिळतं.

वर्षाला जीएसटी सोडून २ कोटी ४० लाखांचं बिलिंग असलेली, वीसेक माणसांची फर्म घ्या. येणी ६० लाख असतील तर वसुलीचे सरासरी दिवस ९१. तेच १२० झाले की येणी ७९ लाखांवर जातात. काम तेवढंच, नफाही कागदावर तेवढाच, पण १९ लाख रुपये जास्तीचे ग्राहकांकडे अडकले. महिन्याचे पगार १२ लाख असतील तर दीड महिन्याचे पगार गेले. त्यात जीएसटीचा भार वेगळा. महिन्याला २० लाखांचं बिल म्हणजे ३ लाख ६० हजारांचा कर, तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत. या धंद्यात मुख्य खर्च पगाराचा, त्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नावापुरतंच असतं. ग्राहकाने पुढे बिल बुडवलं तरी भरलेला जीएसटी परत मिळत नाही. आपल्याकडे बुडीत येण्यांवर तशी सवलतच नाही.

अशा वेळी भागीदार ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवायला बँकेत धावतात. त्याआधी ज्या तीन सेवा बघायला हव्यात, म्हणजे छोट्या उपक्रमांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी, थकबाकीच्या तक्रारीचं ‘समाधान’ पोर्टल आणि बिलावर मुदतीआधी पैसे मिळवून देणारे ‘ट्रेड्स’ मंच, त्यांचं हे परीक्षण आहे. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, सीए, एचआर आणि व्यवस्थापन सल्लागार, डिझाइन स्टुडिओ अशा फर्म डोळ्यासमोर ठेवून ते लिहिलं आहे. माल विकणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. निकाल आधीच सांगून टाकतो: उद्यम नोंदणी डोळे झाकून करा, समाधान ज्या ग्राहकाच्या दारात परत जायचं नाही त्याच्यासाठीच ठेवा, आणि ट्रेड्स ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाच्या मर्जीवर चालतं हे धरून चाला.

उद्यम: फुकट, आणि तिघांत सर्वात गुणी

१ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. मालकाचा किंवा मॅनेजिंग पार्टनरचा आधार, फर्मचा पॅन आणि जीएसटी नंबर एवढ्यावर काम होतं. कागद अपलोड करावे लागत नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे. इंटरनेटवर शोधलं की सरकारी वाटाव्यात अशा खाजगी साइट वर येतात आणि ‘प्रोसेसिंग फी’ मागतात. पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो का, एवढं बघा. पैसे मागणारी साइट सरकारी नाही, विषय संपला.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. सूक्ष्म उपक्रमासाठी गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु उपक्रमासाठी गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी. बहुतेक सल्लागार फर्म यात सहज बसतात. मात्र मध्यम गटात गेलेल्या फर्मला उशिरा पेमेंटचं कायदेशीर संरक्षण नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या एमएसएमईडी कायदा २००६ मध्ये ‘पुरवठादार’ म्हणजे सूक्ष्म किंवा लघुच.

गडबड होते ती प्रमाणपत्राच्या तपशिलात. छापून आलेल्या प्रमाणपत्रावर ‘मेजर ॲक्टिव्हिटी’ ही ओळ वाचा. तिथे ‘सर्व्हिसेस’ हवं. कोणी घाईत ‘ट्रेडिंग’ निवडून ठेवलेलं असतं, आणि व्यापाऱ्यांना ही नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती मिळते, थकबाकीचं संरक्षण मिळत नाही. त्याखाली व्यवसायाचा प्रकार सांगणारा एनआयसी कोड बघा: ६९ ने सुरू होणारे कायदा आणि लेखा, ७० व्यवस्थापन सल्ला, ७१ वास्तुरचना आणि अभियांत्रिकी. फर्म दोन प्रकारची कामं करत असेल तर दोन्ही कोड घाला. दुरुस्ती ऑनलाइन होते, तिलाही पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट तारखेची. काम घेतल्यावर, बिल थकल्यावर नोंदणी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत नोंदणीआधीच्या पुरवठ्याला हे संरक्षण मिळणार नाही असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वेगळा सूर लावून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. त्या आशेवर कोणी बसू नये; नोंदणी आज करा आणि नवी वर्क ऑर्डर त्यानंतरच्या तारखेची घ्या.

नोंदणी करून प्रमाणपत्र फायलीत ठेवलं तर शून्य उपयोग. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर, कोटेशनवर आणि ई-मेलच्या सहीखाली हवा. प्रमाणपत्राची प्रत ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला वेगळ्या ई-मेलने पाठवा आणि ‘आपल्या व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या नोंदवहीत) आमची नोंद सूक्ष्म उपक्रम, सेवा अशी करावी’ असं स्पष्ट लिहा. मोठ्या कंपन्यांत पेमेंट कोणाचं आधी काढायचं हे त्या व्हेंडर मास्टरमधल्या एका रकान्यावर ठरतं. तो रकाना रिकामा असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरने कितीही शब्द टाकला तरी बिल रांगेच्या शेवटीच राहतं.

कलम ४३बी(एच): नोंदणीचे दात

उद्यमला पाचपैकी पाच गुण देण्याचं कारण आयकरात आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेली आणि कर आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली ही तरतूद सांगते की सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचं देणं कायद्याच्या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येईल. मुदत म्हणजे लेखी करार असेल तर त्यात ठरलेली, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करार नसेल तर १५ दिवस. वर्क ऑर्डरवर ‘पेमेंट ९० दिवसांत’ छापलेलं असलं तरी ४५ च धरायचे. नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तरतूद कायम आहे.

२२ टक्क्यांच्या दराने कर भरणाऱ्या कंपनीला अधिभार आणि सेस धरून २५.१७ टक्के पडतात. तुमचं १० लाखांचं बिल ३१ मार्चला मुदत उलटून थकलेलं असेल, तर त्या वर्षी तिला सुमारे अडीच लाखांचा कर जास्त भरावा लागतो. हा आकडा सीएफओला, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाला, समजतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनी बिलं अचानक निघतात.

पण इथे तारखा नीट लावाव्या लागतात. मुदत ३१ मार्चनंतर संपत असेल आणि पैसे त्या मुदतीत दिले, तर ग्राहकाला काहीच तोटा नाही. ४५ दिवसांचा करार असेल तर काम १४ फेब्रुवारीच्या आत स्वीकारलं गेलेलं हवं. करारच नसेल तर १६ मार्चच्या आत. याचा सरळ अर्थ असा की अर्धवट टप्पे पूर्ण करून बिलं लावण्याचा महिना जानेवारी. २८ मार्चला ढीगभर बिलं पाठवणाऱ्या फर्मनी हे हत्यार स्वतःच बोथट करून घेतलेलं असतं. एप्रिल ते डिसेंबरमध्येही या तरतुदीचा दबाव जवळपास नसतो, कारण त्याच आर्थिक वर्षात कधीही पैसे दिले तरी खर्च मान्य होतो.

आणखी काही ठिकाणी ती चालत नाही, आणि ही यादी मंदीत फार महत्त्वाची. तोट्यातल्या कंपनीला वजावट गेल्याचं दुःख नसतं. महापालिका, सरकारी खाती, करमुक्त ट्रस्ट यांना ती लागतच नाही. आणि आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट यांनी विशेष लक्षात घ्यावं: कारखान्याच्या नव्या शेडसाठी दिलेली फी ग्राहक बहुधा इमारतीच्या किमतीत जमा करतो, महसुली खर्चात दाखवतच नाही. मग वजावट नाकारायचा प्रश्न येत नाही. हाच सल्लागार दुरुस्तीच्या किंवा वार्षिक ऑडिटच्या कामावर असेल तर मात्र तरतूद पूर्ण लागू. ग्राहक तुमची फी कुठल्या खात्यात टाकतो हे त्याच्या अकाउंटंटला विचारून घेण्यात संकोच नको.

काही ग्राहक ‘उद्यम काढून टाका, मग काम देतो’ म्हणतात. असा ग्राहक पेमेंटची मुदत पाळणार नाही हे तो कामाआधीच सांगतो आहे. त्याच्याकडून निम्मी फी आगाऊ मिळत असेल तरच पुढे जावं.

समाधान: कागद असतील तर जोरदार, नसतील तर मनस्ताप

ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या समाधान पोर्टलवरून सूक्ष्म आणि लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे थकबाकीची तक्रार करता येते. २०२५ मध्ये त्याच मंत्रालयाचं ऑनलाइन तंटा निवारणाचं ओडीआर पोर्टल आलं आहे, त्यामुळे नवी तक्रार भरताना आधी तिकडे बघा. फायदा मोठा आहे: खरेदीदार देशात कुठेही असो, सुनावणी तुमच्या राज्यातल्या परिषदेपुढे होते. पुण्यातल्या फर्मला चेन्नईच्या ग्राहकासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला की लवाद. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के, १० लाखांवर आठ महिन्यांचं व्याज साधारण १ लाख १५ हजार होतं. हे व्याज खरेदीदाराला आयकरात वजाही मिळत नाही. निकालाला आव्हान द्यायचं तर त्याला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर यापेक्षा कडक कायदा मिळणं कठीण.

व्यवहारात मात्र ९० दिवसांची कायदेशीर मुदत पाळली जाईल या भरवशावर रोख प्रवाहाचा अंदाज मांडू नका. पोर्टलवर अर्ज ‘फाइल’ झाला म्हणजे प्रकरण उभं राहिलं असं नाही. परिषद तपासणी करून त्याचं ‘केस’मध्ये रूपांतर करते, आणि अर्ज परत जातात ते याच टप्प्यावर. वर्क ऑर्डर अपलोड न होणं, बिलावरचं नाव आणि उद्यमवरचं नाव जुळत नसणं, एकाच अर्जात दोन वेगळ्या कंपन्यांची बिलं घालणं, खरेदीदाराचा ई-मेल चुकीचा देणं ही नेहमीची कारणं.

सल्लागारांची खरी पंचाईत ‘काम पोचलं कधी’ यावर होते. सिमेंटच्या गोणीला डिलिव्हरी चलन असतं. अहवालाला काय असतं? कायदा म्हणतो की सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा दिल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. म्हणून प्रत्येक टप्प्याचं अंतिम काम ‘टप्पा ३ पूर्ण, सोबत अहवाल जोडला आहे, हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावी’ अशा ई-मेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून निळ्या टिकांवर विसंबणाऱ्यांना परिषदेसमोर घाम फुटतो. ग्राहकाचा वकील पहिलं वाक्य ‘काम सदोष होतं’ हेच उच्चारतो, आणि त्याला प्रतिदावा करण्याचीही मुभा आहे.

पुराव्यात एक कागद बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा टीडीएसचं आयकर खात्याचं विवरण. ग्राहकाने तुमच्या बिलावर टीडीएस कापून भरला असेल, तर त्या ओळीत त्याचं नाव, तारीख आणि रक्कम असते. व्यावसायिक फीवर १० टक्के कपात होते, म्हणजे १ लाखाचा टीडीएस दिसला तर १० लाखांचं बिल त्याने स्वतःच्या वहीत घेतलं आहे. ही कर्जाची कबुली नव्हे, पण ‘बिल मिळालंच नाही’ या बचावातली हवा निघते. जोडीला जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणातली नोंद, ग्राहकाची सही असलेलं लेजर कन्फर्मेशन (खात्यावरच्या बाकीची कबुली) आणि टप्प्यांचे ई-मेल. इतकं असेल तर अर्ज एका बैठकीत भरून होतो.

डिझाइनसोबत साहित्य आणि अंमलबजावणीही घेणाऱ्या टर्नकी इंटिरियर फर्मनी जपून राहावं. मुंबई उच्च न्यायालयाने वर्क्स कॉन्ट्रॅक्टला या कायद्याच्या बाहेर ठेवलेलं आहे. डिझाइन फीची वर्क ऑर्डर आणि अंमलबजावणीची वर्क ऑर्डर वेगळी घेणं हा त्यावरचा साधा उपाय, पण तो कामाच्या सुरुवातीलाच करता येतो.

जुन्या येण्यांबद्दल: २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुदतबाह्य देण्यावर समेट होऊ शकतो, पण लवादाला मुदत कायदा लागू राहील. तीन वर्षं उलटू देऊ नका. ग्राहकच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला तर परिषदेचं काम थांबतं. तेव्हा ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे मुदतीत दावा दाखल करणं एवढंच हातात उरतं.

अर्ज करण्याआधीचं पत्र हे आमच्या मते या सेवेचं सर्वात उपयोगी अंग आहे. ४६ व्या दिवशी भागीदाराच्या सहीने, सीएफओच्या नावाने, बिलनिहाय व्याजाचा तक्ता जोडून पत्र पाठवा. ग्राहक कंपनी असेल तर ४५ दिवसांवरच्या थकबाकीचं सहामाही विवरण, म्हणजे एमएसएमई फॉर्म-१, तिला एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर भरावं लागतं याची आठवण त्यात द्या. ‘मुद्दल अमुक तारखेपर्यंत आली तर व्याजाचा आग्रह धरणार नाही’ अशी वाटही ठेवा; बहुतेक तडजोडी इथेच होतात. व्याज मिळालंच तर त्यावर जीएसटी लागतो हे विसरू नका. प्रत्यक्ष अर्ज केल्यावर मात्र ते ग्राहकाचं नातं संपलं असं समजूनच चालावं. वर्षाच्या बिलिंगचा तिसरा हिस्सा एकाच ग्राहकाकडून येत असेल तर हे पाऊल फर्मलाच महागात पडतं. गुण पाचपैकी तीन.

ट्रेड्स: ग्राहक मोठा असेल तर

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे यातले जुने मंच. बिल चढवायचं, खरेदीदाराने मान्य करायचं, बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्तसंस्था) व्याजदराची बोली लावणार, तुम्ही एक बोली स्वीकारायची, आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात. मुदतीला पैसे खरेदीदाराच्या खात्यातून कापले जातात. त्याने बुडवले तर वित्तसंस्था तुमच्याकडे वसुलीला येऊ शकत नाही, आणि मंदीत याचंच मोल जास्त. बोली ग्राहकाच्या पतीवर लागते, त्यामुळे तारण ठेवायला काहीच नसलेल्या सेवा फर्मलाही स्वस्त दर मिळतो. १० लाखांवर ९ टक्क्यांनी ६० दिवसांचा खर्च १४,८०० रुपयांच्या आसपास, वर मंचाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. टीडीएस वजा जाऊन उरलेल्या रकमेवरच पैसे मिळतात, हे धरून हिशोब करा.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना इथे नोंदणी सक्तीची आहे. गोम अशी की सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. कित्येक कंपन्या नाव नोंदवून स्वस्थ बसल्या आहेत. म्हणून मंचाचे कागद गोळा करण्याआधी ग्राहकाच्या ट्रेझरी विभागाला दोनच प्रश्न विचारा: तुम्ही कुठल्या मंचावर आहात, आणि गेल्या तिमाहीत सेवा देणाऱ्या एकाही व्हेंडरचं बिल तिथे मान्य केलंत का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर नोंदणीचे कष्ट वाचवा.

सेवेची बिलं अडण्याचं कारण बहुधा सॅपमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सापडतं. माल आला की स्टोअरवाला पावती करतो. सेवेसाठी ‘सर्व्हिस एंट्री शीट’ लागते आणि ती प्रोजेक्ट मॅनेजरने भरायची असते. ती होईपर्यंत बिल ग्राहकाच्या यंत्रणेत अस्तित्वातच नसतं, मग मंचावर मान्य कोण करणार? बिल पाठवण्याआधी शीटचा क्रमांक मागून घ्या आणि तो बिलावर छापा. प्रोजेक्ट मॅनेजर दोनदा टाळाटाळ करतो आहे असं दिसलं, तर त्या ग्राहकाचा पुढचा टप्पा सुरू करू नका. गुण साडेतीन, ग्राहक सार्वजनिक उपक्रम असेल आणि शीट वेळेवर होत असेल तर साडेचार.